कलम ६६चे लाभार्थी

रस्त्यात पोलिसाने हात दाखवला की शहाण्यासुरत्या माणसालाही आपण गुन्हेगार असल्याचा साक्षात्कार होतो. लायसन, विमा, पीयूसी सगळं जागच्या जागी असतं. तरीही मन जुनी प्रकरणं उकरू लागतं. शाळेच्या वाचनालयाचं परत न केलेलं पुस्तकसुद्धा आठवतं.

त्या रात्री मात्र आम्हीच खाकीची वाट पाहत होतो. हिंगोलीहून नांदेडला निघालो होतो. कळमनुरी मागे पडलं होतं, आखाडा बाळापूर यायचं होतं आणि मधल्या अंधारात मागचं चाक बसलं. स्टेपनी होती, जॅक होता. पण नट हलायला तयार नव्हते. पाना फिरला की सोबत मीच फिरत होतो. सौभाग्यवती मोबाइलचा उजेड धरून मार्गदर्शन करत होत्या. हळदीच्या पोत्यांनी भरलेले ट्रक अंगावरून गेल्यासारखे जात होते.

तेवढ्यात पोलिसांची जीप थांबली. हवालदार उतरले, माझ्या तोंडाशी तोंड आणून म्हणाले, “कामून थांबले इथं?”

हौसेनं, असं म्हणायची हिंमत झाली नाही. कुठून आले, कुठं निघाले, बाईमाणूस संगं असताना एवढ्या राती कामून निघाले, हिंगोलीत सोयरे नव्हते का? १९९९ साली परभणीतून वेगळा होताना या जिल्ह्याने चौकशीची हौस पुरेपूर वाटून घेतलेली दिसते. गंमत म्हणजे हे चालू असतानाच हवालदार पान्यावर उभे राहून नट सैल करत होते. त्यांचं तोंड गृह खात्यात होतं आणि हातपाय मदत व पुनर्वसन खात्यात. बरोबरचा तरुण शिपाई मागे बॅटरी हलवत ट्रक बाजूने काढत होता.

चाक बसल्यावर मी खिशात हात घातला. हवालदार कडाडले, “पाव्हणं, पावती फाडू का?” संपूर्ण प्रकरणात कारवाईची धमकी तेवढी एकदाच मिळाली.

घरी येऊन कुतूहलाने महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चाळला. कलम ६६ म्हणतं, रस्त्यावरच्या अपंग किंवा असहाय माणसाला होईल ती सगळी मदत करणं हे पोलिसाचं कर्तव्य आहे. आणि तिथंच, त्याच दमात, नशेतल्या माणसांना आणि मोकाट फिरणाऱ्या धोकादायक वेड्यांनाही ताब्यात घ्यायला सांगतं. म्हणजे पंक्चर झालेल्या गृहस्थाचं पान याच पंगतीत! हवालदारांनी आल्या आल्या माझ्या तोंडाचा वास का घेतला, ते आता उमगलं. मदत करायचीच होती. मी नेमका कुठल्या गटातला, एवढंच ठरायचं होतं.

याच जिल्ह्यातलं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानतात. कुत्र्याने भाकरी पळवली आणि कोरडी कशी खाशील म्हणून नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. पण कुत्र्याच्या बाजूने कुणी विचार केलाय? मागून माणूस ओरडत येतोय. त्याच्या हातात तूप आहे की काठी, हे पळताना कसं कळावं?

तेव्हा हिंगोलीच्या रस्त्यावर मागून कुणी ओरडत आलं तर थांबून पाहावं. तूप असू शकतं. पावतीही असू शकते. पण तेवढी जोखीम भाविकाने घ्यावी. कागदपत्रं मात्र जवळ ठेवावीत.