तालुक्यामागे अर्धा माणूस

२० मार्चला जागतिक आनंद दिन असतो. त्याच सुमारास एका अहवालातून जगाच्या सुखाचा निकाल लागतो आणि २०१८पासून पहिला नंबर फिनलंडचाच येतो. २०२५मध्ये १४७ देशांत आपण ११८वे, पाकिस्तान १०९वा. त्यावरून आपले चॅनेलवाले दोन दिवस इतके दुःखी होते, की तेवढ्यानंच आपला नंबर आणखी घसरायचा.

पाहणीची रीत साधी आहे. एक अनोळखी माणूस येतो नि म्हणतो, शिडी डोळ्यांसमोर आणा. खालची पायरी शून्य, वरची दहा. तुम्ही कितव्या पायरीवर? भारतात उदारपणे तीन हजार माणसांना विचारतात असं धरू. म्हणजे पावणेपाच लाखांत एक. जालना जिल्ह्याच्या वाट्याला चार. तालुके आठ, तेव्हा परतूर तालुक्याला अर्धा माणूस. तो अर्धा आमच्या आष्टीचा निघाला असं समजा. (बीडची आष्टी वेगळी. सर्वेवाला आधी तिकडेच जाऊन आलेला असणार.)

"कितव्या पायरीवर, काका?"

"हमीभाव धरून सांगू का बाजारातला धरून?"

प्रश्न रास्त आहे. २०२४च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि बाजार त्याच्या बराच खाली. एकाच माणसाच्या दोन पायऱ्या झाल्या.

सुखाचा अंदाज बांधायला अहवालात सहा गोष्टी धरतात. उत्पन्न आणि तब्येत सोडून देऊ. तिसरी, अडीअडचणीला हक्काचं माणूस आहे का? "हाय की. सोसायटीच्या कर्जाला तो मला जामीन, मी त्याला." दोघंही थकलेत, पण रकाना हो-नाहीचा. सर्वेवाला 'हो' मांडून मोकळा. चौथी, मनासारखं जगायची मोकळीक? "पाणी कधी द्यायचं ते लाईट ठरवती. या हप्त्यात रातची हाय." पाचवी, महिन्याभरात दानधर्म केला? "सप्त्याची वर्गणी दिली." मनापासून? "पावतीबुक घेऊन चौघं दारात उभे ऱ्हायले की मन होतंच."

सहावी, सरकारात भ्रष्टाचार आहे का? इथं काका ठसका लागेस्तोवर हसले. 'काल भरपूर हसलात का' असाही एक प्रश्न या पाहणीत असतो. सर्वेवाला एक दिवस उशिरा आला असता, तर हे हसू देशाच्या खात्यात जमा झालं असतं.

मग पुन्हा शिडी. काका जवळ सरकून हळूच म्हणाले, "ही यादी कोणत्या योजनेची हाय?"

तज्ज्ञांच्या सहा गोष्टींत न बसणारी सातवी ती हीच. आमच्याकडे कागद घेऊन आलेला माणूस म्हणजे यादी, आणि यादीत राहायचं तर सुख झाकून ठेवावं लागतं. २०११च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेत घरात फ्रीज दिसला की नाव आपोआप वगळलं जायचं. फिनलंडमध्ये फ्रीजवर गोधडी टाकावी लागत नाही. ११८ हा नंबर दुःखाचा किती आणि सावधपणाचा किती, हे आधी कुणीतरी मोजावं.

"समजा, सात सांगितलं तर?"

"काही होत नाही, काका."

"काही होत नाही तर इतक्या उन्हाचं इचारायला कशाला आलात? दोन लिहा. अन् बाहेर ती मोटारसायकल हाय ना, ती पाव्हण्याची हाय."