हाटकेशमधील पुरातत्त्वाचा विद्यार्थी

पुरातत्त्व म्हणजे माणसाने मागे टाकलेल्या वस्तूंवरून त्याच्या जगण्याचा अभ्यास. या वस्तूंत फुटकी खापरे, राख, हाडे आणि जळके दाणे यांचा भरणा मोठा असतो. विद्यापीठात हा विषय खोदकामाचा म्हणून निवडला जातो आणि नोंदी ठेवण्याचा म्हणून शिकावा लागतो. वस्तू सापडली यापेक्षा ती कोणत्या थरात, किती खोलीवर आणि कशाच्या शेजारी सापडली, याला गुण असतात.

मिरा रोड पूर्वेकडील हाटकेश हा भाग या अभ्यासाला पोषक म्हणता येत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार वस्तू पुरावस्तू ठरायला किमान शंभर वर्षे लागतात. हस्तलिखिताला पंचाहत्तर पुरतात. हाटकेशमध्ये इमारत तिशीला आली की स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय निघतो आणि त्यामागोमाग रीडेव्हलपमेंटची सर्वसाधारण सभा लागते. शंभरी गाठण्याची संधी इथे फक्त एखाद्या आजीला असते, आणि तिला हा कायदा लागू नाही.

महाराष्ट्रात या विषयाचे मुख्य पीठ पुण्याचे डेक्कन कॉलेज. मूळची १८२१ ची संस्कृत पाठशाळा, पुढे कॉलेज, आणि १९३९ पासून संशोधन संस्था. त्याच वर्षी ह. धी. सांकलिया तिथे रुजू झाले. लंडनला शिकत असताना मॉर्टिमर व्हीलर यांच्या हाताखाली उत्खननाचे धडे घेतलेल्या या गृहस्थांनी पुढे महाराष्ट्राची नदीखोरी पायाखाली घातली. मुंबईत कालिन्याला विद्यापीठ आहे, शिवाय साठ्ये आणि सेंट झेवियर्स या महाविद्यालयांत प्राचीन भारतीय संस्कृती शिकता येते. हाटकेशच्या घरात संस्था निवडताना तिचा लौकिक दुय्यम ठरतो, गाडी कुठे बदलावी लागते ते आधी पाहतात. कालिन्यासाठी स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा, सांताक्रूझपर्यंत लोकल आणि पुढे बस किंवा पुन्हा रिक्षा. विरारहून भरून आलेल्या गाडीत शिरणाऱ्या विद्यार्थ्याला दाबाखाली थर कसे तयार होतात, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

प्रवेशाची बातमी फुटल्यावर नातेवाइकांचे तीन गट पडतात. पहिला गट डायनासोरविषयी विचारतो. त्याला डायनासोर हा विषय पुराजीवशास्त्राचा असल्याचे सांगितले की विद्यार्थ्याला काहीच येत नाही असे त्याचे मत होते. दुसरा गट वास्तुशास्त्राशी गल्लत करून संडासाचे तोंड कुठल्या दिशेला असावे, हे विचारतो. तिसरा गट सर्वांत मोठा आणि गुप्तधनात रस असणारा. १८७८ च्या भूमिगत निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक मोलाचे काही जमिनीत सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. म्हणजे आजच्या भावाने कोणी वडापाव पुरून ठेवला तरी त्याची वर्दी द्यावी लागेल. हे ऐकून गटाची सदस्यसंख्या थोडी घटते.

उरलेल्यांपैकी एक शेजारी कपाटातून तांब्याचे नाणे आणतो. त्यावर राम-सीता, मागे ईस्ट इंडिया कंपनीचे नाव आणि १८१८ हे साल. कंपनीने असे नाणे कधी पाडलेलेच नाही, ही नंतर कोणीतरी बाजारात आणलेली वस्तू आहे. पण ते तांदूळ ओढते, असे सांगून ते लाखांना विकू पाहणारेही असतात. विद्यार्थ्याने खरे सांगितले तर शेजार दुखावतो. अनुभवी विद्यार्थी ‘तज्ज्ञांना दाखवावे लागेल’ एवढेच म्हणतो.

साहित्याची खरेदी उद्योगनगराच्या बाजूच्या हार्डवेअरच्या दुकानात होते. थापी, खुरपे, ओळंबा, सुतळी, मोजपट्टी, घमेले, रंगाचे ब्रश. दुकानदार ‘कितवा मजला?’ असे विचारतो, आणि टाइल्सचे काम नाही म्हटल्यावर उधारी देत नाही. जुने टूथब्रश घरातूनच जमवले जातात.

हिवाळ्यात उत्खननाचा कॅम्प लागतो. गावोगाव जुन्या वस्तीच्या जागेला पांढरीचे टेकाड म्हणतात. शतकानुशतकांची राख, शेण आणि पडक्या भिंतींची माती मिळून ती फिकट होते, आणि खत म्हणून शेतकरी ती गाड्या भरभरून नेत आलेले आहेत. उरलेल्यात पाच मीटर लांब-रुंद चर आखतात. मध्ये बॉक, म्हणजे मातीची न खोदलेली भिंत ठेवतात, कारण थर तिच्यावर वाचायचे असतात. तिच्यावर बसणाऱ्याचा उद्धार सगळा कॅम्प करतो. विद्यार्थी अर्ध्या दिवसात पाच सेंटिमीटर माती काढतो. मजुरीला आलेल्या गावच्या बायका कुदळीच्या आवाजावरून जमीन बदलल्याचे सांगतात आणि तोवर हा आलेखपेपरवर रेघ मारत असतो. हाड की दगड असा संशय आला तर तुकडा जिभेला लावून बघतात, हाड चिकटते. ही चाचणी घरी फोनवर सांगू नये.

संध्याकाळी खापरे धुतली जातात. बादलीत बुडवायचे, टूथब्रशने घासायचे, सुतळीने आखलेल्या आपापल्या चौकटीत थरवार वाळत घालायचे. मग काठ, बूड आणि पोट असे वेगळे करायचे. काठावरून भांड्याचा आकार कळतो म्हणून काठाला मान. पोटाचे तुकडे बहुधा मोजून बाजूला पडतात. ठेवायच्या प्रत्येक तुकड्यावर काळ्या शाईने स्थळ, चर आणि थर लिहायचे. पाऊस आला तर चौकटी विसरून सगळे धावतात आणि तीन थरांचा इतिहास एका घमेल्यात जमा होतो.

घाई या शास्त्राला मानवत नाही. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावचे उत्खनन १९६८ ते १९८३ चालले आणि अहवाल १९८८ मध्ये आला. अशा मुदती हाटकेशकरांना फक्त बिल्डरच्या पझेशनमुळे ठाऊक असतात, पण इथे हातात काहीतरी पडले: शंभराहून जास्त घरे, धान्याच्या कणग्या, मातीची शीर्षहीन देवी. मुलांना दोन रांजणांची तोंडे जुळवून घरातल्या जमिनीखाली पुरलेले होते. मोठ्यांचे पाय घोट्याखाली तोडलेले होते, बहुधा त्यांनी भूत होऊन परत येऊ नये म्हणून. हे जेवताना सांगितल्यास कॅम्पहून परतल्याचा आनंद अल्पायुषी ठरतो.

परतलेल्या विद्यार्थ्याचे वर्तन दिवाळीच्या साफसफाईत बिघडते. पंचपात्री, बंद पडलेला मिक्सर आणि दप्तरे यांनी भरलेला माळा तो मोजपट्टी व उत्तरेचा बाण ठेवून फोटो काढल्याशिवाय हलवू देत नाही. आई सगळे खाली फेकते. थर नष्ट होतात.

सरावाची स्थळे जवळच आहेत. घोडबंदरचा किल्ला पोर्तुगीजांचा. मराठ्यांनी तो १७३७ मध्ये घेतला. खाडीपलीकडे सोपारा. तिथला स्तूप १८८२ मध्ये भगवानलाल इंद्रजींनी उघडला, तेव्हा दगडी पेटीत तांब्याचा करंडक, त्यात आणखी करंडक आणि सर्वांत आत सोन्याचा निघाला. त्या सोन्याच्या करंडकात मातीच्या भांड्याचे तुकडे होते. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे मानलेले. खापराला याहून मोठा मान अन्यत्र क्वचितच मिळाला असेल. सोसायटीत ही हकिगत सांगितल्यावर करंडक किती तोळ्यांचा होता, असे विचारतात.

नोकऱ्या भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात, राज्याच्या संचालनालयात आणि संग्रहालयांत असतात, पण जागा तुरळक निघतात. मधल्या काळात नेट-सेट, हेरिटेज वॉक आणि स्पर्धा परीक्षा. लग्नाच्या बायोडेटात पदवीपुढे नुसते ‘एम. ए.’ आणि नोकरीच्या रकान्यात ‘सेंट्रल गव्हर्नमेंटची तयारी’ असे घातले जाते. छंदांत वडील ‘बागकाम’ लिहितात, म्हणजे बॅगेतल्या खुरप्याचा खुलासा आपोआप होतो.