पायाशी बसलेली माणसं

सिझर झालेल्या बाईच्या खाटेभोवती जितकी माणसं जमतात, तितकी ऑपरेशनच्या टेबलाभोवतीही नसतात. कुणी पेढे वाटतं, कुणी बाळाचं नाक कुणावर गेलंय याचा निकाल देतं, आणि एखादी आत्या हमखास म्हणते, "सुटलीस गं, कळा तरी सोसाव्या लागल्या नाहीत!" पोटाचे थर कापत थेट गर्भाशयापर्यंत गेलेली जखम, कमरेतल्या इंजेक्शनाची बधिरता उतरत आलेली, साधा खोकला आला तरी डोळ्यांपुढे काजवे. आणि म्हणे सुटली.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली 25.4 टक्के बाळंतपणं सिझरची निघाली. देशभरातल्या खासगी रुग्णालयांत 47.4 टक्के. अशा 'सुटलेल्या' बायका घरोघरी आहेत.

त्यांच्या दुखण्यावर इराण आणि तुर्कस्तानातल्या संशोधकांनी एक अगदी बिनखर्चाचा उपाय तपासून पाहिला. हातापायांना मालिश. प्रत्येक हाताला आणि पायाला पाच-पाच मिनिटं, एकूण वीस. टाक्यांच्या आसपास फिरकायचंही नाही. दुखणं कमी झाल्याचं बायकांनी सांगितलं. 2020 साली कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात मालिश, संगीत, ॲक्युपंक्चर वगैरेंवरचे 37 अभ्यास चाळले गेले आणि मालिशीच्या नावापुढे एक सावध 'कदाचित' पडलं. बरोबरच आहे, अभ्यास लहान, शिवाय आपले पाय कुणी चेपतंय की नाही हे बाईपासून लपवणार कसं? पण वीस मिनिटं पाय चेपून घ्यायला कोक्रेनची सही कशाला हवी? माणूस हवा.

इथंच घोडं पेंड खातं. बाळंतिणीची मालिश आपल्याला नवी नाही. मालिशवाल्या मावशी, शेक, धुरी, सगळं ठरलेलं. पण ते घरी गेल्यावर; सिझरवालीला तर "टाके सुकू देत" म्हणून आणखी उशिरा. दुखतं मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त. त्या दिवसांत तिच्या पावलांपासून वीतभर अंतरावर नवरा बसलेला असतो. दोन्ही हात मोबाइलात. "लक्ष्मी आली घरा" असं स्टेटस टाकणं चाललेलं. त्याला म्हणून बघा, जरा पाय चेप रे तिचे. तो आईकडे बघतो, आई भिंतीकडे. भिंतीवरच्या कॅलेंडरात पाय चेपणारी ठरलेली आहे, शेषावर पहुडणाराही. उलटं चित्र काही कुठल्या छापखान्यातून निघालेलं पाहण्यात नाही.

आणि हो, मालिश गोळीच्या जोडीला, गोळीऐवजी नव्हे. नाहीतर उद्यापासून "पाय चेपले ना, मग गोळी कशाला, दुधात उतरेल" हे सुरू व्हायचं. डॉक्टरांनी दिलेली गोळी वेळेवर मिळालीच पाहिजे. एकच पाय सुजला, पोटरी लाल होऊन दुखू लागली, तर तिथं हात लावायचा नाही, तडक डॉक्टरांना सांगायचं. सिझरनंतर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो. जावईबापू, 'हात लावायचा नाही' या वाक्याचं कात्रण काढून खिशात ठेवू नका. ते सुजलेल्या पायापुरतं आहे.