ओव्हन चकचकीत, भिंत ओली

प्रति,
मा. संरक्षण मंत्रालय,
(घरं रिकामी करून घेणे विभाग),
लंडन.

विषय : घर सोडताना ओव्हन लख्ख न घासल्याबद्दल शिपायाच्या पगारातून होणारी कपात व तदनुषंगिक कौतुक.

महोदय,

आपली ओळख असायचं काही कारण नाही. देवळाली, खडकी आणि नकाशात शोधूनही न सापडणाऱ्या काही ठिकाणी क्वार्टर घेतलेली आणि क्वार्टर सोडलेली मी एक फौजी बाई. आमच्या कँटोन्मेंटांची आखणी तुमच्या पूर्वजांनी केली, म्हणजे एका अर्थी मी तुमचीच जुनी भाडेकरू.

बदलीचा हुकूम आला की माळ्यावरच्या काळ्या ट्रंका खाली उतरतात आणि पाठोपाठ 'मार्चिंग आउट', म्हणजे क्वार्टर तपासून परत देणं, येतं, हे आमच्याकडेही आहेच. एमईएसचा, म्हणजे लष्करी बांधकाम खात्याचा, माणूस यादी घेऊन येतो. पंखे मोजतो, ट्यूबलाइट लावून बघतो, गिझर, आरसा, नळ, किल्ल्या असं सगळं ताडून पाहतो. काही फुटलं-तुटलं असेल तर बॅरॅक डॅमेज भरायचं आणि एनओसी घेऊन गाडी पकडायची. पण आमची जात हिशेबी. यादीतला पंखा छताला लटकताना दिसला की आमचं समाधान होतं. त्याच्या पात्यावर धूळ किती, हे विचारण्याची शिस्त तुम्ही जाताना इथे पुरती रुजवून गेला नाहीत. त्या बाबतीत मूळ पीठ लंडनलाच आहे, म्हणून हा पत्रप्रपंच.

तिकडच्या फौजी बायका मार्च-आउटबद्दल जे लिहितात ते मी आवडीनं वाचते. दुखणं एकच असलं की परकी भाषाही चटकन कळते. तुमच्याकडे सुरुवात ओव्हनपासून होते. त्याच्या जाळ्या, दाराच्या दोन काचांमधली फट, मागच्या पंख्याभोवती जळून चिकटलेली चरबी. ती चरबी आधीच्या भाडेकरूची असली तरी बिघडत नाही. ओव्हनला वंशावळ नसते, शेवटी जो राहिला तो धनी. मग नळाच्या बुडाशी साचलेला क्षारांचा पांढरा थर. टिडवर्थ, बुलफर्ड, लार्कहिल ही तुमची मोठी ठाणी सॉल्झबरीच्या पठारावर आहेत आणि ते पठार खडूच्या खडकाचं आहे. तिथलं पाणी जड असायचंच. पण नळावरचा तो थर कोट्यवधी वर्षांच्या भूगर्भानं नव्हे तर कॉर्पोरलच्या बायकोनं आळसानं साचवला, असा तुमच्या तपासणीचा सिद्धान्त दिसतो.

भिंतींबद्दल तर बोलायलाच नको. मॅग्नोलिया हे आम्हाला फूल म्हणून ठाऊक होतं. तुमच्याकडे तो सरकारी रंग आहे, मलई आणि निराशा यांच्या मधला. मुलीच्या खोलीला हौसेनं निळा रंग दिला असेल तर जाण्याआधी तिथे पुन्हा मॅग्नोलिया फासायचा. चित्र चिकटवलेल्या ब्लू-टॅकचा ठिपका काढायचा. घरात कुत्रं असेल तर गालिचा धुऊन घेतल्याची पावती दाखवायची. हिरवळ कापायची, फरशांच्या फटीतलं गवत उपटायचं, मोटारीखालचा तेलाचा डाग घासायचा. फौजी घरांसाठी जेएसपी ४६४ नावाची तुमची एक जाडजूड नियमावली आहे म्हणे. तिचा वरचा भागही कोणी पुसून ठेवत असेलच.

गैरसमज नको, स्वच्छतेशी माझं भांडण नाही. दोन लहान मुलं आणि वीस खोकी घेऊन नव्या गावी पोचलेल्या बाईला दुसऱ्याचं तेलकट स्वयंपाकघर मिळणं काय असतं, हे मी भोगलं आहे. पुढच्या कुटुंबाला घर स्वच्छ मिळालंच पाहिजे. प्रश्न एवढाच, की ते स्वच्छ करून देणं घरमालकाचं काम की ज्याच्या हातात दुसऱ्या गावचा हुकूम आहे त्याचं? बदली काही तो हौसेनं मागत नाही, ती तुम्हीच करता. पुष्कळदा तर तो सरावाला नाहीतर मोहिमेवर असतो आणि ओव्हनमध्ये डोकं घालून बसलेली असते ती त्याची बायको.

या भीतीतून तुमच्याकडे एक धंदाच उभा राहिला आहे. छावण्यांच्या आसपासच्या सफाई कंपन्या 'मार्च-आउट हमखास पास' अशी जाहिरात करतात. हमी नुसती तोंडी नसते. कंपनीचा माणूस तपासणीच्या वेळी बादली-फडकं घेऊन हजर राहतो, साहेबांनी बोट दाखवलं की जागच्या जागी पुसून देतो. आमच्याकडे दहावीच्या गाइडवर 'हमखास यश' छापतात, पण प्रकाशक काही परीक्षेला शेजारी येऊन बसत नाही. अर्थशास्त्र म्हणूनही ही व्यवस्था देखणी आहे. पगार तुम्ही द्यायचा, त्यातून घरभाडं तुम्हीच कापायचं, उरलेल्यातून शिपायानं सफाईवाल्याला द्यायचे. कारण न दिले तर सफाईचे म्हणून तुम्ही आणखी कापणार. तुमचंच घर, तुमचाच माणूस, आणि फडक्याचं बिल मात्र त्याचं!

आता थोडं तुमच्या स्वतःच्या मार्च-आउटबद्दल.

२८ फेब्रुवारी १९४८ रोजी सॉमरसेट लाइट इन्फन्ट्रीची पहिली बटालियन मुंबईत गेटवे ऑफ इंडियाच्या कमानीखालून बोटीकडे चालत गेली. हिंदुस्थानातली ती तुमची शेवटची पलटण. एवढं मोठं घर क्वचितच कोणी रिकामं केलं असेल. आम्ही ओव्हन उघडून पाहिला का? गालिच्याची पावती मागितली का? फाळणीचे डाग तेव्हा ओले होते, तरी कपातीचा शब्द काढला नाही. उलट गेटवेची चांदीची प्रतिकृती पलटणीच्या हाती दिली. पाहुणचार म्हणा नाहीतर गाफीलपणा म्हणा, बॅरॅक डॅमेज आम्ही आमच्याच खात्यावर लावून घेतलं.

हे जुनं झालं म्हणाल, तर अलीकडचं घ्या. १९९६ साली तुम्ही ५७,४०० फौजी घरं ॲनिंग्टन नावाच्या कंपनीला ९९९ वर्षांच्या पट्ट्यानं १६६ कोटी पौंडांना देऊन टाकलीत. लगोलग तीच घरं २०० वर्षांच्या करारानं भाड्यानं परत घेतलीत, आणि दुरुस्तीचा खर्च मात्र स्वतःकडेच ठेवलात. असला व्यवहार करणाऱ्याला आमच्या वाड्यात कोणी भिशीतसुद्धा घेतलं नसतं. तुमच्याच राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयानं जानेवारी २०१८ मध्ये हिशेब मांडला, की घरं विकली नसती तर तुम्ही २२० ते ४२० कोटी पौंडांनी वर असता. करारातली एक शर्त मला फार आवडली. नको असलेलं घर ॲनिंग्टनला परत करताना तुम्ही ते ठरलेल्या स्थितीत आणून द्यायचं, नाहीतर भरपाई मोजायची. म्हणजे मार्च-आउट तुम्हालाही होतं! फरक इतकाच, की तुमची कपात खजिन्यातून व्हायची. त्या अहवालाच्या सुमारास पाचांतलं जवळजवळ एक घर रिकामं पडलेलं होतं आणि त्याचंही भाडं चालू होतं. रिकाम्या घरातला ओव्हन अर्थातच स्वच्छ राहत असणार.

देखभालीचंही तसंच. २०१४ साली कॅरिलियन-एमी या कंपनीला कंत्राट दिलंत. २०१६ मध्ये संसदेच्या लोकलेखा समितीनं त्या कामगिरीवर असे ताशेरे ओढले की वाचणाऱ्यालाच ओशाळं वाटावं. कुटुंबं गरम पाण्यासाठी आणि साध्या दुरुस्त्यांसाठी ताटकळत होती. जानेवारी २०१८ मध्ये कॅरिलियनच बुडाली. जाताना तिनं कपाटांच्या वरची धूळ पुसली होती का, कोणी बोट फिरवून पाहिलं का, याची नोंद मला कुठे मिळाली नाही.

पुढची कंत्राटं आली, पुढचे हिवाळे आले आणि बुरशी होती तिथेच राहिली. पलंगामागच्या कोपऱ्यात, खिडकीच्या चौकटीत, मुलांच्या कपड्यांच्या कपाटात. खिडक्या उघड्या ठेवा, कपडे घरात वाळत घालू नका, असा सल्ला ब्रिटनमध्ये भाडेकरूंना सर्रास मिळतो. डिसेंबरात वेल्सच्या पावसात कपडे कुठे वाळवायचे, ते सल्ल्यात नसतं. डिसेंबर २०२४ मध्ये तुमच्या संसदेच्या संरक्षण समितीनं सांगितलं, की दोन तृतीयांश फौजी कुटुंबघरांना मोठी डागडुजी तरी हवी किंवा ती पाडून नव्यानं तरी बांधायला हवीत. आता ही गंमत पाहा. तुमच्या तपासनिसाचं बोट दाराच्या वरच्या कडेवर धूळ शोधतं. त्याच दाराशेजारी भिंतीवर ओल तळहाताएवढी पसरलेली असते. पण यादीत 'धूळ' हा रकाना राहणाऱ्याचा आणि 'ओल' हा रकाना कोणाचाच नाही. बोट बिचारं रकान्याबाहेर जाणार कसं?

जानेवारी २०२५ मध्ये तुम्ही ३६,३४७ घरं सुमारे ६०० कोटी पौंड देऊन परत विकत घेतलीत. अभिनंदन! आता मालक तुम्ही, भाडेकरू तुमचा आणि भिंतही तुमचीच. मात्र तुमचाच एक नियम आहे. नव्यानं राहायला आलेल्या कुटुंबानं घरातल्या उणिवा १४ दिवसांत लिहून कळवायच्या. जे लिहिलं नाही ते जाताना त्याच्या माथी. हा नियम तुम्हाला लावला तर मुदत कधीच टळून गेली. तुम्ही फॉर्म भरलात का? भरला असेल तर पहिल्या ओळीत बुरशी लिहिलीत की ओव्हन? आणि भरला नसेल, तर त्या ३६,३४७ घरांची कपात कोणाच्या पगारातून करायची, तेवढं लेखी कळवावं. एखाद्या कॉर्पोरलचं नाव सुचवू नये ही विनंती.

उत्तराची घाई नाही. बुरशी काढायला माणसं हवी असतील तर टिडवर्थच्या बाजूला हमखास पास करून देणारे सफाईवाले आहेतच. पैसे आगाऊ घेतात, पण तपासणीला शेवटपर्यंत हजर राहतात.

आपली नम्र,
एक माजी भाडेकरू
(बराक तुम्ही बांधलेली, छत आमच्या काळापासून गळतं)