आमदारकीची पहिली पोथी (खास देवासकरांसाठी)

असे समजा, की 1952 साल उजाडले आहे. तुम्ही देवासचे, घरात मराठी, बाजारात माळवी, वय पंचविशीच्या पुढे. आणि मध्यभारताच्या विधानसभेत बसावे असे तुमच्या किंवा निदान तुमच्या मेहुण्याच्या मनात आले आहे. बिचकू नका. या कामाची तालीम देवासकराइतकी दुसऱ्या कोणाची झालेली नाही.

कारण या आमदारकीत सगळे दोन-दोन आहे, आणि दोनाचा पाढा आपण पाळण्यात शिकलो. 1728 पासून आपल्याकडे पवारांच्या दोन पात्या, थोरली आणि धाकटी. गाव एक, महाराज दोन, दरबार दोन. बाजारात रस्ता ओलांडला की राज्य बदलायचे. उधारी ठेवून समोरच्या फुटपाथवर जाणे म्हणजे जवळजवळ परदेशगमनच. ज्याने दोन महाराजांना एकाच सकाळी मुजरा करून दोघांचीही मर्जी राखली, त्याला विधानसभा काय अवघड?

आता राज्य ओळखा. 28 मे 1948 ला पंचवीस संस्थाने एकत्र करून मध्यभारत झाला. त्यात आपल्या दोन्ही पात्या गेल्या, धारचे पवारही गेले. शिंदे राजप्रमुख, होळकर उपराजप्रमुख. राजधानी कुठे, हा प्रश्न आला तेव्हा दोघांचाही मान राहिला पाहिजे म्हणून हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर असे ठरले. बाहेरचे लोक याला हसतात. देवासकराने हसू नये. आपल्याला त्यात नवल वाटायचे कारणच नाही.

मग जागा मोजा. मतदारसंघ 79, आमदार 99. गणित चुकलेले नाही. 59 ठिकाणी एकेकच निवडायचा, पण 20 ठिकाणी दोन-दोन, आणि त्या दोनांतली एक जागा अनुसूचित जातीसाठी किंवा जमातीसाठी राखीव. तिथल्या मतदाराला चिठ्ठ्याही दोन. नवशिका उमेदवार हमखास आपटतो तो इथेच, म्हणून जरा थांबून बघा.

पडद्याआड पेट्या मांडलेल्या असतात, प्रत्येक उमेदवाराची वेगळी, वर चिन्ह चिकटवलेले: काँग्रेसची बैलजोडी, जनसंघाची पणती, समाजवाद्यांचे झाड. शिक्का नाही, फुली नाही. चिठ्ठी एक रुपयाच्या नोटेएवढी. ती हव्या त्या पेटीत सोडायची, झाले. तुमचा हक्काचा माणूस आत जातो, तुमच्यावरच्या प्रेमापोटी दोन्ही चिठ्ठ्या तुमच्याच पेटीत कोंबतो आणि मिशीवर पीळ देत बाहेर येतो. त्यातली एकच धरतात. त्याला आधी घरी जाऊन समजवा: दोन चिठ्ठ्या, दोन पेट्या. "म्हणजे एक दुसऱ्याला देऊ? तुम्ही काय बोलता, दादासाहेब!" असे तो म्हणेल. दोन पात्यांचे उदाहरण द्या, लगेच पटेल.

याहून अवघड काम ओसरीवर आहे. मतदारयादी लिहिणारा कारकून दारात येतो. "बाई, तमारो नाम कई?" आतून उत्तर येते, "गणपत की माँ." पुन्हा विचारले की "वकीलसाहेबांच्या घरातून." स्वतःचे नाव काही निघत नाही. कारकुनाला वर हुकूम आहे, अमक्याची आई आणि तमक्याची बायको चालणार नाही. नाव नाही तर यादीत जागा नाही. देशभरात सुमारे आठ कोटी बायका मतदार, त्यांतल्या जवळजवळ अठ्ठावीस लाखांची नावे अशी गळाली. ज्या प्रांतांत हा प्रकार फार झाला त्यांत बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, विंध्य प्रदेश आणि आपला मध्यभारत. तेव्हा भाषणे नंतर ठोका. आधी स्वतःच्या आईचे नाव यादीत आहे का ते पाहून या. तिला लग्नात दिलेले की माहेरचे, यावर घरात दोन तट पडतील, पडू द्या.

निवडून आलात? सभागृहात बसायचे कुठे, ते सोपे आहे. 75 जण काँग्रेसचे, त्यामुळे गर्दी आहे तिथेच जाऊन बसलात तर शक्यता जमेची. हिंदुमहासभेचे 11, जनसंघ आणि समाजवादी चार-चार, रामराज्य परिषदेचे दोन आणि तीन अपक्ष. यांच्याकडे पाय पसरायला जागा बरी. मुख्यमंत्री मिश्रीलाल गंगवाल जन्माने आपल्याच सोनकच्छचे आहेत, हे ग्वाल्हेरकरांना दिवसातून एकदा ऐकवा. अध्यक्षांच्या खुर्चीत अ. स. पटवर्धन. आडनाव ऐकून मराठीत सुरू होऊ नका, कामकाज हिंदीत आहे. साठ दिवस परवानगीवाचून गैरहजर राहिलात तर सभागृह तुमची जागा रिकामी ठरवू शकते, हे विसरू नका. कायद्याची तारीख लिहिताना वहीत दोन रकाने आखा: जहागिरी मोडण्याचा कायदा आपण 1951 चा म्हणतो, कागदावर तो संवत 2008 चा आहे.

सामानही दोन संच ठेवा. राजधानी हलते तेव्हा दप्तरेही हलतात, आणि आग्रा-मुंबई रस्ता देवासवरूनच जातो. सरकार येताना आणि जाताना दारातून दिसणे, हे भाग्य फार थोड्या मतदारसंघांच्या वाट्याला येते. ग्वाल्हेरच्या थंडीसाठी जाड रजई घ्या. इंदूरसाठी धोतरजोडी आणि सुती उपरणे पुरे.

मुदत पाच वर्षांची असे पुस्तकात लिहिले आहे. त्यावर घर बांधायला काढू नका. 31 ऑक्टोबर 1956 च्या रात्री तुम्ही मध्यभारताचे आमदार म्हणून झोपाल आणि सकाळी मध्य प्रदेशाचे म्हणून उठाल. महाकोशल, विंध्य प्रदेश, भोपाळ आणि आपण, असे चार घरचे पाहुणे एका पंगतीला. 17 डिसेंबरला भोपाळच्या मिंटो हॉलमध्ये बैठक, आणि मार्चच्या पाचव्या तारखेला तीही विधानसभा बरखास्त. दोनापर्यंत आपल्याला मोजता येत होते. चाराचे एक कसे करतात, ते भोपाळला जाऊन विचारा. जाताना रजई घ्यायची की नाही, हेही तिथेच विचारा.