कारणासह बेरीज

वास्तव संख्यांची बेरीज क्रमनिरपेक्ष असते: ७ + ५ काय नि ५ + ७ काय, उत्तर १२च. मात्र शाळेच्या परीक्षेत शेजारी गुणधर्माचे नाव लिहिल्याखेरीज हे बारा ग्राह्य धरले जात नाहीत, ही शिस्त स्तुत्य होय. साहचर्यामुळे बेरजेत कंस कुठेही घातले तरी फरक पडत नाही. म्हणूनच ते नेमके कुठे घातले, हे कसोशीने तपासले जाते. ९८ रुपये किलोची ६ किलो डाळ ‘सहाशे वजा बारा’ अशी तोंडी हिशेबात बसवणारा वाणी वितरण गुणधर्माचा उल्लेख सर्रास टाळतो. यापुढे त्याच्याकडून बिले कारणांसह मागवावीत. शून्य मिळवल्याने संख्या बदलत नाही, म्हणून शून्य हा बेरजेचा अविकारक. कारणाचा रकाना कोरा सोडणाऱ्यास हा गुणधर्म गुणपत्रिकेतच सोदाहरण शिकवला जातो.