बेदखल माशांची कैफियत

माशांच्या राज्यातही मानमरातब असतो, आणि तो ठरविण्याचा अधिकार समुद्राकडे नसून ज्यांनी घोट्याच्या वर कधी खारे पाणी लावून घेतलेले नाही अशा जेवणाऱ्यांकडे असतो, ही गोष्ट मालवणच्या मासळीबाजारात सकाळी अर्धा तास उभे राहिले तर कोणाच्याही ध्यानात यावी. पापलेट, सुरमई, सरंगा ही मंडळी जन्मतःच मनसबदार. 2023 साली तर महाराष्ट्र सरकारने पापलेटास राज्यमाशाची रीतसर सनदच बहाल केली, तेव्हापासून त्याच्या किमतीविषयी घासाघीस करणे हा राजद्रोह ठरतो की काय, अशी मला धास्ती वाटत आली आहे. उलट शिंगाळा, मोरी, पाकट, ढोमा, टोळ ही रयत कोपऱ्यातल्या टोपलीत एकमेकांच्या अंगावर पडलेली असते, तिचा भाव नगावर न ठरता वाट्यावर ठरतो, आणि तो विचारणारे गिऱ्हाईक आधी आजूबाजूला कोणी ओळखीचे नाही ना, हे पाहून घेते.

या बेदखल प्रजेचा अपराध चवीचा नव्हे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. कोणाचे काटे फार, कोणाची कातडी खरखरीत, कोणाला वास. म्हणजे सारे गुन्हे स्वयंपाकघराच्या दप्तरी नोंदलेले, जिभेच्या दप्तरी एकही नाही. पापलेटाच्या कीर्तीतला निम्मा वाटा आपल्या आळसाचा आहे, हे पापलेट खाताना सहसा कोणाला सुचत नाही. मला सुचते, पण मी हात थांबवीत नाही.

दरवर्षी 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर सरकारी बंदी असते, मनसबदार बर्फातून आणि तेही दुप्पट तोऱ्याने येऊ लागतात, आणि माझ्यासारखा माणूस पावसाची उघडीप पाहून खाडीच्या मुखाशी गरी टाकून बसतो. तेथे एक वृद्ध गृहस्थ आधीच बसलेले असतात. मोठ्या आशेने मी कोळंबीचे आमिष लावू लागलो की ते माझ्याकडे न पाहता सांगतात, “पापलेट काय गरीक लागणा नाय, भाऊनू. शिंगाळोच गावतलो.” आणि खरोखर, पापलेट हे जाळ्याचे मानकरी, गरीची पायरी ते सहसा चढत नाहीत. दोरीला हिसका बसतो, मी सर्व शक्तीनिशी ओढतो, आणि वर येतो तो शिंगाळाच: ओठांवर शिरस्तेदारी मिशा, पाठीवर ताठ उभा राहिलेला करवतीसारखा काटा, आणि पाण्याबाहेर काढल्याबद्दल निषेधाची स्पष्ट ऐकू येणारी कुरकुर. तो काटा विषारी असतो; टोचलाच तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवावा लागतो. म्हणून आमचे गृहस्थ माशाच्या डोक्यावर चपलेसकट पाय देतात, आणि पाठीचा एक व दोन बाजूंचे दोन असे तिन्ही काटे पकडीने मोडल्याखेरीज मला त्याच्या जवळ फिरकू देत नाहीत.

या शिंगाळ्याचे चरित्र मात्र अनेक मनसबदारांना लाजविणारे आहे. मादीने घातलेली गोटीएवढी अंडी नर आपल्या तोंडात घेतो, पिले बाहेर पडेपर्यंत ती तशीच सांभाळतो, आणि त्या अवधीत अन्नाला स्पर्श करीत नाही. तस्मात् माझ्या गरीला लागणारा शिंगाळा हा जबाबदारी चुकविणारा कोणी ब्रह्मचारी असला पाहिजे, असा तर्क करून मी आपल्या सदसद्विवेकबुद्धीचे समाधान करतो आणि त्याचे तिखले करावयास सांगतो. तिरफळे आणि आमसुले यांच्या संगतीत त्याची सारी कुरकुर थांबते.

कधीकधी केंड लागतो. हा फुगून चेंडू होतो, दातांनी दोरी तोडतो, आणि याचे विष शिजवूनही जात नाही. याला जातमुचलक्यावरही घरात घेऊ नये.

मोरीचे प्रकरण जरा सविस्तर सांगण्याजोगे आहे. ही लहानखुरी शार्क. तिची कातडी काचकागदासारखी, तेव्हा तुकडे कढत पाण्यातून काढून ती खरवडून घ्यावी लागते, आणि हे काम चालू असताना घरातील अव्वल दर्जाची माणसे अचानक देवदर्शनास निघून जातात. तिच्या मांसात युरिया असतो. मासा शिळा झाला की त्याचा अमोनिया होतो आणि शेजारी खिडक्या लावून घेतात. यास तोड एकच: मोरी ताजीच घ्यावी, मीठ, हळद आणि कोकमाचे आगळ लावून काही वेळ ठेवावी, आणि मग भाजलेल्या सुक्या खोबऱ्याकांद्याच्या वाटणात, गरम मसाल्याची कंजुषी न करता, तिचे मटण करावे. मटण हा शब्द येथे अलंकारिक नाही; कोकणात तिच्या कालवणाला तेच म्हणतात, आणि बाळंतिणीला ते मुद्दाम वाढतात. मोरीत काटा म्हणून नसतो, असते ती मऊ कूर्चा. त्यामुळे देवदर्शनाहून परतलेली मंडळी पहिल्याच पंगतीला बसतात, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर वाडगे पुसून घेताना ‘हा सुरमईचाच प्रकार ना?’ अशी पृच्छा करतात. मी खुलासा करीत नाही. खुलासा केल्यास पुढच्या खेपेस माझा वाटा कमी होतो, हा अनुभव आहे.

आता वाचकांस एकच कळकळीची विनंती. एके काळी माकूल गळाला आमिष म्हणून लावीत. पुढे परदेशांतून मागणी आली, आणि आज त्याचा भाव ऐकून आम्ही टोपलीला दुरूनच नमस्कार करतो. तेव्हा या लेखात जे सांगितले ते वाचून मोरी अवश्य करावी, शिंगाळाही करावा, परंतु बाजारात तोंड वाकडे करूनच त्यांचा भाव विचारावा, आणि हा अंक चुकूनही मासळी बांधायला देऊ नये.